उजव्या सीटवरचा आवाज

कृष्णाकाठ एअरवेजच्या हेडसेट निवड समितीत केतकी वालावलकरची नेमणूक झाली, ती तिला हेडसेटमधलं काही कळतं म्हणून नव्हे. समितीत चार कॅप्टन होते, आणि कॅप्टन लोक इतिवृत्त लिहीत नाहीत. लिहिणारं कुणीतरी हवं होतं. केतकी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॉकपिटमध्ये उजव्या सीटवर बसणारी सहवैमानिक. वय त्रेचाळीस, उड्डाणाचे तास पाच हजारांवर, अक्षर सुवाच्य. तिसरा गुण निर्णायक ठरला. २०३८ सालीही कंपनीत इतिवृत्त हातानंच लिहिलं जाई, कारण हातानं लिहिलेलं नंतर शोधून सापडत नाही.

कंपनी तशी लहान. एकोणीस प्रवाशांची, दोन प्रॉपेलरवाली नऊ विमानं. कोल्हापूरहून सकाळी कोकणात, दुपारी नाशिक, संध्याकाळी जळगाव. आत बसलं की पिठाच्या गिरणीत खुर्ची टाकून बसल्यासारखं वाटे. पंधरा-वीस वर्षं या गिरणीत काढलेले वैमानिक घरी गेल्यावर ओरडून बोलत आणि समोरच्यानं काही म्हटलं की "आँ?" म्हणत. म्हणून नवे हेडसेट घ्यायचे ठरलं.

चाचणीची पद्धत कॅप्टन शिरीष उपासनी यांनी आखली. उपासनी कंपनीतले सर्वांत ज्येष्ठ वैमानिक, समितीचे अध्यक्ष, आणि केतकीचे प्रशिक्षक. बैठकीच्या हॉलमध्ये मांडववाल्याकडून दोन मोठे कर्णे आणवले गेले आणि त्यांवर विमानातल्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. मांडववाल्यानं आवाज असा काही चढवला, की वरच्या मजल्यावरची माणसं विमान बघायला खिडकीशी गेली. सदस्य ओळीनं खुर्च्यांवर बसले, एकेक नमुना कानांवर चढवला, डोळे मिटले आणि किती शांत वाटतं त्यावर गुण दिले. शंभरपैकी साठ गुण शांततेला, वीस वजनाला, दहा कानाच्या गादीला. उरलेले दहा 'संभाषणाची स्पष्टता' या सदरात होते. पण चाचणी चालू असताना कुणी बोलायचं नाही असा अध्यक्षांचा आदेश होता, त्यामुळे संभाषण झालंच नाही. आणि कुणाची तक्रार नाही म्हणून पाचही नमुन्यांना दहापैकी दहा मिळाले.

"सर," केतकी वहीतून मान वर काढून म्हणाली, "मला वाटतं, एकदा कुणीतरी बोलून बघूया का?"

"वालावलकर, बोलायला तोंड लागतं. हेडसेट ऐकायला असतो."

"तेच, सर. ऐकायला कुणीतरी बोलावं लागेल ना."

"इतिवृत्तात घ्या," उपासनी म्हणाले. एखादा विषय संपला, की ते असं म्हणत.

पहिला आला नमुना 'ड'. त्याचं नाव 'नीरव'. शांततेत साठपैकी एकोणसाठ. एक गुण समिती कडक आहे हे दिसावं म्हणून कापला होता.

'नीरव'ची करामत थोडी समजून घ्यायला हवी. आवाज म्हणजे हवेतल्या लाटा. साधा हेडसेट बाहेरची लाट टिपतो आणि तिच्या नेमकी उलटी लाट कानात सोडतो. जिथे तिचा उंचवटा, तिथे याचा खळगा. दोन्ही मिळून सपाटी. इंजिनाच्या एकसुरी घरघरीवर ही युक्ती छान चालते, कारण पुढच्या क्षणी घरघर कशी असेल ते आधीच ठाऊक असतं.

'नीरव'च्या निर्मात्यांचं एवढ्यावर भागलं नाही. दोन माणसं एकाच वेळी बोलत असली, तर ज्याच्याकडे आपलं लक्ष असतं त्याच्या बोलण्याच्या चढउतारांबरोबर आपल्या मेंदूतल्या विद्युतलहरी डोलतात. दुसऱ्याच्या बोलण्याला त्या फारशी दाद देत नाहीत. शास्त्रज्ञांना हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. 'नीरव'च्या गादीत कानामागच्या कातडीला टेकणारे बारा सेन्सर होते. ते या लहरी वाचत आणि कोणता आवाज डोक्यात शिरतोय, कोणता नुसताच कानावर पडतोय, याची टिपणं ठेवत. जो आवाज वारंवार कानावर पडूनही डोक्यात शिरत नाही, तो 'नीरव'च्या लेखी गोंगाट. यंत्र त्याची ओळख पाठ करी आणि पुढच्या वेळी तो सुरू होताच पुसून टाकी. जितकं जास्त वापराल तितकं जास्त शांत.

सुरक्षेचा विचारही केलेला होता. तीन गोष्टी 'नीरव' कधीच पुसत नसे: विमानाचे स्वतःचे धोक्याचे इशारे, रेडिओवरचे आवाज, आणि तपासणी यादीतली वाक्यं धरून एकूण अठरा प्रकारची ठरीव बोलणी, जी वैमानिक एकमेकांना कामात म्हणतात. उदाहरणार्थ 'गो अराउंड', म्हणजे उतरणं सोडा आणि पुन्हा वर चला. या तिन्हींना धक्का लागत नाही म्हटल्यावर प्रमाणपत्र मिळालं.

घाऊक मागणी नोंदवण्याआधी तीन महिने प्रत्यक्ष वापर करून बघायचा होता. 'नीरव'चे नमुने दोन. एक उपासनींनी कानांवर चढवला. दुसरा, अहवाल लिहिण्यासाठी, केतकीकडे आला. अहवाल ती घरी लिहीत असल्यानं तो घरीच राहिला, आणि विमानात ती आपला जुनाच हेडसेट वापरू लागली.

हे तीन महिने तिला भलतेच महत्त्वाचे होते. उपासनींच्या शेजारी बसून तिची कॅप्टनपदासाठीची पारख चालली होती, आणि ही दुसरी वेळ. पहिली दोन वर्षांपूर्वी झाली होती. त्या वेळच्या कॅप्टननं शेऱ्यात लिहिलं होतं: 'बोलण्यात अदब नाही. वेग कमी झाल्यास "वेग कमी झालाय" असे तोंडावर सांगतात.' त्यानंतर केतकीनं स्वतःला वळण लावलं. वेग कमी झाला तर ती म्हणे, "सर, मला वाटतं, वेगाकडे जरा एकदा बघता का?" एवढं म्हणेपर्यंत वेग आणखी थोडा कमी होई, पण अदब राही. कंपनीतले सगळेच सहवैमानिक असं बोलत. दुसऱ्या वेळीही शेरा प्रतिकूल आला, तर नियमानं उजवी सीट कायमची.

पहिले काही आठवडे उपासनी अत्यंत खूश होते.

"बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला हवेत असताना माझा श्वास ऐकू आला, वालावलकर."

"छान, सर."

"घरी सौ. म्हणाली, तुम्ही हल्ली हळू बोलता. संसार सुधारला म्हणा ना."

केतकीलाही बरं वाटलं. नंतर मात्र तिच्या लक्षात येऊ लागलं, की आपलं बोलणं कुठेतरी विहिरीत पडतंय. तपासणी यादी वाचली की उपासनी चोख उत्तर देत. पण "सर, मला वाटतं, डावीकडचा ढग जरा…" म्हटलं की काही नाही. हूं नाही की चूं नाही, चेहरा तळ्यासारखा. कॅप्टननं ऐकून न घेणं यात नवीन काही नव्हतं, त्यामुळे काहीतरी वेगळं घडतंय हे कळायला तिला दोन महिने लागले.

मुदत संपायला दहा दिवस उरले असताना उपासनींनी कॅन्टीनमध्ये शेऱ्याचा कच्चा मसुदा तिच्यापुढे ठेवला. ते प्रामाणिक गृहस्थ होते. पाठीमागून वार करणं त्यांना पसंत नसे. 'कामात चोख. मात्र ठरलेल्या वाक्यांपलीकडे स्वतःहून एक शब्दही बोलत नाहीत. संकटप्रसंगी मौन घातक ठरेल. कॅप्टनपदासाठी शिफारस करता येत नाही.'

केतकीच्या हातातला वडा तसाच राहिला.

"सर, मी बोलते."

"कधी?"

"रोज. परवा नाशिकला उतरताना मी म्हटलं, की पुढच्या विमानात आणि आपल्यात अंतर कमी आहे—"

"वालावलकर," उपासनी हळुवारपणे म्हणाले, "मी तिथेच होतो."

केतकीनं वडा ताटलीत ठेवला.

ती घरी आली तेव्हा नवरा, अद्वैत, जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा ढीग मांडून बसला होता. तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवी. कानांवर 'नीरव'. वरच्या मजल्यावर फरशी बदलण्याचं काम चालू असल्यानं त्यानं तो महिनाभर उसना घेतला होता.

"मी काय म्हणते," केतकी म्हणाली, "त्यांनी शेरा वाईट दिला."

अद्वैतनं लाल पेननं एक मोठा भोपळा काढला.

"मी काय म्हणते, अद्वैत, मला आयुष्यभर उजवीकडेच बसवणार आहेत."

त्यानं पान उलटलं.

"चहा घेतोस?"

"अर्धा कप," अद्वैत मान वर न करता म्हणाला. "कधी आलीस? आज गप्पशी?"

केतकीनं त्याच्या कानांवरून हेडसेट उचलला. "मी आत्ता काय म्हटलं?"

"चहा घेतोस म्हणालीस."

"त्याआधी?"

"त्याआधी तू काही बोललीच नाहीस. इथेच बसलोय ना मी."

एकाच दिवसात तिला हे दुसऱ्यांदा ऐकायला मिळत होतं. तिनं खुर्ची ओढली, अद्वैतचा फोन मागितला आणि 'नीरव'चं अ‍ॅप उघडलं. त्यात पुसलेल्या आवाजांची यादी क्रमवार होती. एक: फ्रिज. दोन: वरच्या मजल्यावरचं फरशीचं यंत्र. तीन: पंखा, मधल्या वेगावर. चार: स्त्रीचा आवाज, ओळखीचा; 'मी काय म्हणते' या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं.

अद्वैतनं यादी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"पंख्याच्या खाली आहे मी," केतकी म्हणाली.

"तसं नाही गं. हे वारंवारितेवर असतं. म्हणजे तू जितक्या वेळा म्हणतेस—"

"आणि तू जितक्या वेळा ऐकत नाहीस."

"ते दोन्ही मिळून असतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि मग आपण कुणाशी बोलतोय हे आठवून, "चहा मी करतो."

तो चहा होईपर्यंत केतकीला सगळं लख्ख दिसलं. 'सर, मला वाटतं' हे शब्द कॅप्टनच्या डोक्यात शिरत नाहीत, हे 'नीरव'नं दोन-चार आठवड्यांत हेरलं असणार. तपासणी यादी ठरीव बोलण्यांत बसते, म्हणून ती पोचते. पण एकही सहवैमानिक कॅप्टनशी बोलताना ते ठरीव शब्द तसेच, उघडेवाघडे वापरत नाही. वर अदबीचं वेष्टण असतंच. अख्ख्या कंपनीची अदब यंत्रानं गोंगाटात जमा केली होती.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत तिनं हे मांडलं. उपासनींनी आपली यादी उघडून दाखवावी, एवढीच विनंती.

"माझ्या डोक्यात काय शिरतं आणि काय नाही, ते समितीपुढे ठेवू?" उपासनी म्हणाले. "ते खासगी आहे."

"आणि तुमचे मिस्टर तुमचं ऐकत नाहीत," कॅप्टन घोरपडे म्हणाले, "यात हेडसेटचा काय दोष? माझ्याकडे तर हेडसेटही नाही."

बाकीचे दोघे खो खो हसले. केतकीनं इतिवृत्तात लिहिलं: 'सदस्य हसले.'

त्यानंतर चौथ्या दिवशी ती आणि उपासनी कातळसड्याला निघाले. कोकणातल्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आखलेली ही तेराशे मीटरची धावपट्टी. पश्चिमेच्या टोकाला समुद्र, पूर्वेच्या टोकाला दरी. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून विमानं समुद्राच्या बाजूनं येऊन वाऱ्याला तोंड देत उतरतात. अकराच्या सुमारास वारा फिरतो, मग दुसऱ्या बाजूनं. पाठीवर वारा घेऊन उतरलं तर विमान जमिनीवर वेगानं धावत राहतं आणि तेराशे मीटर अपुरे पडतात. पुढे दरी आहे, हे सांगितलंच.

सव्वादहा वाजले होते. मागे सतरा प्रवासी. उपासनी विमान चालवत होते, चेहऱ्यावर आताशा नेहमी असणारी समाधी. धावपट्टी समोर दिसू लागली तशी केतकीची नजर वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे गेली. नळी दरीकडे फुगली होती. वारा आज पाऊण तास आधीच फिरला होता.

"सर, मला वाटतं, वारा फिरलाय."

उपासनी समोर बघत होते.

जमिनीच्या सापेक्ष वेगाचा आकडा हवा त्यापेक्षा पंचवीसनं जास्त होता. "सर, मला वाटतं, वेगाकडे जरा बघता का?"

काही नाही. उंची चारशे फूट.

नियमपुस्तकात एक नियम आहे. दोनदा सांगूनही विमान चालवणाऱ्यानं प्रतिसाद दिला नाही, तर तो भानावर नाही असं समजून दुसऱ्यानं 'माय कंट्रोल्स' म्हणून ताबा घ्यावा. नियम सगळ्यांना पाठ होता आणि कंपनीच्या इतिहासात तो कुणी वापरला नव्हता, कारण दोनदा सांगून प्रतिसाद न मिळणं ही कंपनीत रोजची गोष्ट होती. आणि पाच दिवसांनी शेऱ्यावर सही व्हायची होती. आत्ता ताबा घेतला तर 'मौन'च्या जागी 'उद्धट' येईल, एवढाच फरक. तीनशे फूट. सतरा माणसं मागे फोनमधून मान वर काढून समुद्र बघत होती.

"गो अराउंड," केतकी म्हणाली. सर नाही, वाटणं नाही. "माय कंट्रोल्स."

आणि तिनं दोन्ही इंजिनांचे दांडे पुढे सारले, नाक वर घेतलं. विमान गुरगुरत चढू लागलं.

उपासनी दचकले ते असे, की त्यांचे हात आपोआप कंट्रोलवरून सुटले. "कोण बोललं?" ते म्हणाले. ठरीव बोलण्यांतले शब्द असल्यानं 'नीरव'नं ते स्वच्छ पोचवले होते. पण या सीटवरून असा आवाज येऊ शकतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं, विमानच बोललं.

"मी बोलले. वारा पाठीवर होता. चाकं वर घ्या."

बत्तीस वर्षांच्या अनुभवी हातानं निमूटपणे चाकं वर घेतली. केतकीनं सड्याला वळसा घातला, दरीच्या बाजूनं आली, आणि वाऱ्याला तोंड देत विमान असं टेकवलं, की मागे कुणाचा पेलाही हिंदकळला नसता. धावपट्टीचे चारशे मीटर शिल्लक राहिले.

उतरताना एक काका दाराशी थांबून म्हणाले, "समुद्र दोनदा दाखवलात, बरं केलंत."

सगळे गेल्यावर उपासनींनी हेडसेट काढून मांडीवर ठेवला. "आधी एक शब्द न बोलता तुम्ही माझ्या हातून विमान काढून घेतलंत."

"दोनदा बोलले."

"वालावलकर, मी—"

"तुम्ही इथेच होता, माहीत आहे. रेकॉर्डर ऐका."

कॉकपिटमधला रेकॉर्डर वैमानिकांच्या तोंडाजवळच्या मायक्रोफोनवरून आवाज उचलतो. हेडसेट पुढे त्याचं काय करतो याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यात गेल्या पंचवीस तासांच्या उड्डाणांचं बोलणं असतं. घडल्या प्रकाराची चौकशी लागणारच होती, आणि चौकशी समितीनं उपासनींना ते ऐकायला बसवलं. नियमानं त्यांना शेवटचा अर्धा तास पुरला असता. त्यांनी सगळे पंचवीस तास ऐकले. तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी ते जेवायला बाहेर आले, दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी केतकीच्या टेबलापाशी आले आणि उभेच राहिले.

"सत्तेचाळीस वेळा," ते म्हणाले.

"मी मोजलं नव्हतं, सर."

"मी मोजलं. एकतीस वेळा तुमचं बरोबर होतं."

"आणि सोळा वेळा?"

"सोळा वेळा मला अजून ठरवता आलेलं नाही." मग ते म्हणाले, "एकदा तुम्ही मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्यात. 'सर, मला वाटतं, आज तुमचा वाढदिवस' अशा. मी त्यालाही काही बोललो नाही. ऐकायला फार वाईट वाटतं ते."

समितीच्या पुढच्या बैठकीला 'नीरव'चे प्रतिनिधी म्हसकर आले होते. उपासनींनी कुणी न मागता आपला फोन मोठ्या पडद्याला जोडला आणि यादी उघडली. एक: प्रॉपेलर. दोन: हवा खेळवणारा पंखा. तीन: उजव्या सीटवरचा आवाज, 'सर, मला वाटतं' या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं. चार: काचेवरचा पाऊस.

कुणी हसलं नाही. घोरपड्यांचा हात आपल्या कानाकडे गेला.

"आमचं यंत्र कुणाचंही ऐकणं बंद करत नाही," म्हसकर नम्रपणे म्हणाले. "ते आधीच बंद असतं. आम्ही फक्त आवाज कमी करतो."

"हा नमुना परत पाठवून द्या," घोरपडे म्हणाले. "नमुना 'ब' घेऊ. साधा, जुना, डोकं नसलेला."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्हसकर पेटी आवरू लागले.

"परत पाठवू नका," केतकी म्हणाली. "उलटा करा."

सगळे तिच्याकडे वळले. पुढे अदबीचं काहीतरी येईल म्हणून त्यांनी थोडी वाट पाहिली. आलं नाही.

"साधा हेडसेट घेतला तर माझा आवाज सरांच्या कानापर्यंत जाईल. डोक्यात जाईल याची खात्री नाही. 'नीरव' यायच्या आधी तरी कुठे जात होता? तो डोक्यात गेला की नाही, हे ओळखणारं जगातलं एकच यंत्र आपल्यासमोर आहे, आणि आपण ते आवाज पुसायला वापरतोय. इंजिन, पंखा खुशाल पुसू द्या. पण माणसाचं वाक्य डोक्यात शिरलं नाही असं दिसलं, तर यंत्रानं ते पुन्हा ऐकवावं. शिरेपर्यंत."

"शिरेपर्यंत?" घोरपडे म्हणाले. "तेच तेच? हा छळ मला घरीही होतो."

"घरी तुम्ही उठून बाहेर जाऊ शकता, सर. कॉकपिटमधून दहा हजार फुटांवर नाही जाता येत."

म्हसकरांनी पेटीचं झाकण उघडंच ठेवलं. "सॉफ्टवेअरमध्ये फार बदल नाही," ते पुटपुटले. "सेन्सर तेच. निर्णय उलटा. सहा आठवडे."

केतकीनं पेन उचललं. उपासनींनी हात पुढे करून तिच्यासमोरची वही ओढून घेतली.

"ठराव तुमचा आहे," ते म्हणाले. "स्वतःचा ठराव स्वतः लिहायचा नसतो." आणि कंपनीच्या इतिहासात प्रथमच एका कॅप्टननं इतिवृत्त लिहिलं. अक्षर वाईट होतं.

उलटा 'नीरव' सहा आठवड्यांनी आला. या वेळी चाचणी विमानात झाली, हवेत, आणि साठ गुण बोलणं पोचण्याला होते. घोरपड्यांनी पहिल्या फेरीत जळगावपर्यंत आपल्या सहवैमानिकाचं 'सर, इंधनाचा काटा बघता का' हे वाक्य नऊ वेळा ऐकलं. दहाव्या वेळी ते म्हणाले, "ऐकलं रे बाबा, ऐकलं." यंत्रानं लहरी तपासल्या. ऐकलं नव्हतं. ते वाक्य अकराव्यांदा आलं. मग घोरपड्यांनी काट्याकडे पाहिलं, आणि यंत्र गप्प झालं. परतीच्या वाटेवर प्रत्येक वाक्य एकदाच पुरलं. तोंडदेखलं 'हं हं' ज्यापुढे चालत नाही असं जगात काहीतरी निघालं, याचा त्यांना जबर धक्का बसला होता. पण शंभरपैकी शंभर गुण त्यांनीच दिले.

बघता बघता मागण्या येऊ लागल्या. मालवाहू जहाजांकडून, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून. डॉक्टरांच्या आधी त्यांच्या परिचारिकांकडून. एका नगरपालिकेनं सभागृहासाठी चौकशी केली आणि नगरसेवकांनी माहितीपत्रक वाचल्यावर ती मागे घेतली. अद्वैतनं आपण होऊन घरातला नमुना नव्या सॉफ्टवेअरवर नेला. पहिल्या संध्याकाळी तो टेबलावरून उठला, स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, "सिंकचा नळ गळतोय असं तू सहाव्यांदा सांगितलंस."

"मी एकदाच सांगितलं."

"माझ्यासाठी सहा," तो म्हणाला आणि पाना शोधायला गेला.

उपासनींनी शेरा नव्यानं लिहिला. जुना मसुदा फाडला नाही. त्यावर एक आडवी रेघ मारून खाली लिहिलं: 'वरील शेरा अधोस्वाक्षरीकाराच्या कानांविषयी आहे, उमेदवाराविषयी नाही. उमेदवार वेळेवर बोलतात, मोजकं बोलतात, आणि वेळ पडल्यास विमान हातातून काढून घेतात. तात्काळ कॅप्टन करावे.' सही. तारीख. ही भाषा अधिकृत नमुन्यात बसत नाही असं कार्यालयानं दोनदा कळवलं. उपासनींनी त्याला दाद दिली नाही. त्या वेळी त्यांच्या कानांवर हेडसेट नव्हता.

खांद्यावर कॅप्टनची चौथी पट्टी लागल्यानंतरची पहिली फेरी सकाळी साडेसातची, कातळसड्याचीच. केतकी डाव्या सीटवर बसली. सीट उपासनींच्या उंचीला लावलेली होती. तिनं ती चार खाचा पुढे घेतली आणि आरसा आपल्याकडे वळवला. उजवीकडच्या सहवैमानिकानं वारा, इंधन, वजन सांगितलं. "वजन पुन्हा सांगा," ती म्हणाली, कारण तिला ते पटलं नव्हतं. एक आकडा खरंच चुकला होता. तो दुरुस्त झाला.

मग तिनं प्रवाशांसाठीचं बटण दाबलं.

"नमस्कार. मी कॅप्टन केतकी वालावलकर बोलतेय."

मागे अठरा प्रवासी होते. बाराजणांच्या कानांत काही ना काही खुपसलेलं होतं, चौघे झोपले होते, आणि उरलेले दोघे खिडकीच्या सीटवरून भांडत होते. कॉकपिटच्या दाराची काच उघडी असल्यानं केतकीला हे सगळं आरशात दिसत होतं. तिनं हवामान सांगितलं, उंची सांगितली, समुद्र कोणत्या बाजूला दिसेल ते सांगितलं, पट्टे बांधायला सांगितले; सावकाश, एकही शब्द न गाळता, शेवटपर्यंत. मग बटण सोडलं आणि दोन्ही दांडे पुढे सारले.